'गो टू होम' म्हणताय? इंग्रजी बोलताना या चुका टाळा

भुसावळ स्टेशनात ठरल्या मिनिटाला गाडी लागली, तर ती 'ऑन टाइम' आली. आपण धावतपळत तिच्या डब्यात चढलो, तर आपण 'इन टाइम' पोचलो. गाडी वेळेवर, आपण वेळेत. इथे 'वर'ला ऑन आणि 'त'ला इन अगदी चपखल बसतं. पण एकदा असं जुळलं, की आपण प्रत्येक प्रत्ययाला एकेक इंग्रजी शब्द कायमचा बांधून टाकतो. घोळ तिथे सुरू होतो.

माझ्या वर्गात अमळनेरकडचा एक मुलगा मुलाखतीची तयारी करत होता. घरी अहिराणी, त्यामुळे डोक्यात 'वावरमा', म्हणजे शेतात. तो म्हणाला, 'माय फादर वर्क्स इन फार्म.' 'मा' म्हणजे इन, हा त्याचा हिशेब. फील्ड म्हटलं असतं तर 'इन द फील्ड' बरोबरच होतं. फार्मला मात्र ऑन लागतं: 'ऑन अ फार्म'. वावर तेच, वडील तेच. नाम बदललं की सोबतचा शब्द बदलतो. तो त्या नामाबरोबरच पाठ करावा लागतो.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक म्हणजे 'गो टू होम'. ती आपल्याच भाषेतून चटकन सुटते. आपण 'घरी' जातो. 'घरी' या रूपातच जाण्याची जागा आली. 'घरीला जातो' असं कोणी म्हणत नाही. 'गो होम'मधलं होम म्हणजे 'घर' नव्हे, 'घरी'. तसंच अब्रॉड म्हणजे परदेशी, देअर म्हणजे तिथे. म्हणून 'गो अब्रॉड', 'गो देअर', मध्ये टू नाही. हाऊस हे मात्र नुसतं 'घर', त्याला टू हवंच: 'गो टू माय अंकल्स हाऊस'.

केळीच्या भावावर चर्चा झाली, तर 'वुई डिस्कस्ड अबाउट द रेट' असं हमखास निघतं. डिस्कस हे क्रियापद थेट कर्म घेतं: 'वुई डिस्कस्ड द रेट'. त्याचं नाम केलं की अबाउट परत येतं, 'अ डिस्कशन अबाउट द रेट'. डिमांडचंही तेच. क्रियापद असताना मध्ये काही नाही. नाम झालं की 'द डिमांड फॉर बनानाज'. भाव वाढला तर 'अ राइज इन द रेट', पण तोच दोनशे रुपयांनी वाढला तर 'अ राइज ऑफ टू हंड्रेड रुपीज'. या जोड्या मला फार मोलाच्या वाटतात, कारण बाजाराबद्दल बोलताना त्या पावलोपावली लागतात.

'ऑन नेक्स्ट मंडे' नको, नुसतं 'नेक्स्ट मंडे'. 'यस्टरडे नाइट' नको, 'लास्ट नाइट'.

'बाय ट्रेन'मध्ये ट्रेनच्या आधी काहीच येत नाही. 'बाय माय कार' म्हटलं की बिघडलं. माय आलं की 'इन माय कार' करायचं.

'इन टाइम'वर जोर द्यायचा असेल तर 'खूप'साठी व्हेरी लावू नका. 'व्हेरी इन टाइम' असं इंग्रजीत नाही. बराच वेळ हाताशी ठेवून पोचलात तर 'वेल इन टाइम', गाडी सुटता सुटता चढलात तर 'जस्ट इन टाइम'. मी मुलांना 'इन टाइम', 'वेल इन टाइम' आणि 'जस्ट इन टाइम' हे तिन्ही वहीत एकाच ओळीत लिहायला लावतो, समोर अर्थ म्हणून स्वतःच्या प्रवासातलं एक वाक्य. नुसतं 'इन म्हणजे आत' असं लिहिलेली वही मी परत देतो.