मुक्त शैक्षणिक साधने : शोध, परवाना आणि वर्गातील वापर
महाविद्यालयीन अभ्यासक्रमासाठी मुक्त शैक्षणिक साधने, म्हणजे बदलण्याची आणि पुन्हा वाटण्याची परवानगी असलेले मोफत अभ्याससाहित्य, शोधण्यापूर्वी प्रत्येक घटकाच्या शेवटी विद्यार्थ्याला काय यायला हवे हे अध्यापकाने लिहून काढावे. ती यादी समोर असली की एकाच पुस्तकात सारे मिळावे हा आग्रह सुटतो आणि विवेचन एका ठिकाणाहून, तर सरावप्रश्न दुसऱ्या ठिकाणाहून घेता येतात.

संपूर्ण पाठ्यपुस्तक हवे असल्यास राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स हा प्रकल्प आणि ओपन टेक्स्टबुक लायब्ररी ही दोन ठिकाणे आधी पाहावीत; दुसऱ्या ठिकाणी अनेक पुस्तकांवर अध्यापकांनी लिहिलेली परीक्षणेही असतात, आणि निवड करताना ती फार उपयोगी पडतात. सुटी प्रकरणे लिब्रेटेक्स्ट्स या संकेतस्थळावर, तर व्याख्यानांची टिपणे आणि गृहपाठ अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर या संकेतस्थळावर मिळतात.

साधन आवडले तरी परवाना वाचल्याशिवाय ते स्वीकारू नये. फुकट वाचता येणारे सर्वच साहित्य मुक्त नसते. साहित्य जवळ ठेवण्याची, बदलण्याची आणि पुन्हा वाटण्याची परवानगी मिळते, तेव्हाच अध्यापकाला ते आपल्या वर्गाला साजेसे करून घेता येते, आणि माझ्या मते मुक्त साधनांचे खरे मोल किमतीपेक्षा या मुभेत आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था लेखकांना आपले साहित्य खुले करण्यासाठी तयार परवाने देते; त्यांपैकी ‘सीसी बाय’मध्ये मुख्य अट श्रेय देण्याची असते. ‘एनसी’ असल्यास व्यावसायिक वापर चालत नाही, ‘एसए’ असल्यास रूपांतर, म्हणजे बदल करून तयार केलेली आवृत्ती, त्याच परवान्याखाली द्यावे लागते, आणि ‘एनडी’ असल्यास बदललेली आवृत्ती इतरांना देता येत नाही. दोन स्रोत एकत्र करताना विशेष जपावे, कारण ‘बाय-एसए’ आणि ‘बाय-एनसी-एसए’ या परवान्यांखालील मजकूर मिसळून एकच नवे रूपांतर प्रसिद्ध करता येत नाही. मात्र दोन्ही मूळ रूपात वेगवेगळे ठेवून विद्यार्थ्यांना वाचायला देता येतात. पुस्तकातील एखादे छायाचित्र वेगळ्या परवान्याखाली असू शकते, म्हणून चित्राखालची ओळही वाचावी.

श्रेय देताना शीर्षक, लेखक, मूळ दुवा आणि परवाना या चार गोष्टी लिहाव्यात व बदल केला असल्यास तोही नोंदवावा. हे काम शेवटी ठेवल्यास स्रोत हरवतात, तेव्हा मजकूर उचलतानाच ही नोंद करणे बरे.

पहिल्या सत्रात फार बदल करू नयेत: उदाहरणे बदलावीत, अनावश्यक भाग गाळावेत, एवढे पुरे. त्यासाठी पीडीएफपेक्षा संपादन करता येईल अशी प्रत मिळवावी. चित्रांना पर्यायी वर्णन (चित्र पाहू न शकणाऱ्यांसाठी दिलेले शब्दांतील वर्णन) आणि चित्रफितींना उपशीर्षके आहेत का, हे तपासावे. नसल्यास ती जोडावीत. विद्यार्थ्यांना केवळ दुवा न देता उतरवून घेता येईल अशी प्रतही द्यावी, कारण संकेतस्थळावरील मजकूर सत्राच्या मध्येच बदलू शकतो आणि सर्वांकडे अखंड इंटरनेट नसते. प्रतीवर आवृत्तीची तारीख घालावी, आणि सत्रात आढळलेल्या चुका मूळ प्रकाशकाला कळवाव्यात. ओपनस्टॅक्सने अशा दुरुस्त्या पाठवण्याची सोय ठेवलेली आहे.