निदानाच्या चाचणीवर अभ्यास करताना: कल्चर सर्व बाळांचे पाठवा

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांतून बालरोग विभागात पदव्युत्तर शिक्षणाला किंवा संशोधन समन्वयक म्हणून नव्याने रुजू झालेले विद्यार्थी सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहिताना बहुधा दोनच गोष्टी विचारतात: नमुनासंख्या किती धरावी आणि विश्लेषणासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे. ही माहिती कोणत्याही संख्याशास्त्रज्ञाकडून एका दुपारी मिळते. निदानाच्या अभ्यासाची खरी कसोटी मात्र वॉर्डात, रक्त काढण्याच्या क्षणी लागते. माझा प्रबंध तिथेच अडकला होता, म्हणून त्या एका गोष्टीवर मी विस्ताराने लिहिणार आहे.

नवजात बाळांमधील सेप्सिस (रक्तात पसरलेला गंभीर जंतुसंसर्ग) ओळखण्यासाठी सीआरपी ही रक्तचाचणी कितपत उपयोगी पडते, हे तुम्हाला तपासायचे आहे असे समजू. खरे-खोटे ठरवण्याचा निकष म्हणजे रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातून जंतू वाढतात का ते पाहणे. ‘सर्व संशयित बाळांचे कल्चर पाठवले जाईल’ असे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेले असते आणि लिहिताना कोणाला त्याबद्दल शंकाही नसते. प्रत्यक्षात रात्रपाळीचा रेसिडेंट सीआरपीचा निकाल येईपर्यंत थांबतो. सीआरपी वाढलेली असली तर तो कल्चरची बाटली मागवतो. नसली तर बाळ बरे दिसते आहे, शीर सापडत नाही, वडील खर्चाने आधीच मेटाकुटीला आले आहेत, अशा रास्त कारणांनी कल्चर राहून जाते. आमच्याकडे असेच झाले. त्यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता आणि प्रत्येक निर्णय त्या त्या बाळापुरता समंजसच होता, तरीही हे सारे समंजस निर्णय एकत्र आले की अभ्यासाचा निष्कर्ष खोटा ठरतो.

आकडे मांडून पाहा. २०० संशयित बाळांपैकी ४० जणांना खरोखर सेप्सिस आहे आणि १६० जणांना नाही, असे धरू. आजारी ४० पैकी ३० जणांची सीआरपी वाढलेली येते, १० जणांची येत नाही. सेप्सिस नसलेल्या १६० पैकी ३० जणांची विनाकारण वाढलेली येते, १३० जणांची येत नाही. म्हणजे चाचणीची संवेदनशीलता (आजारी बाळांपैकी किती ओळखली) ७५ टक्के आणि विशिष्टता (आजारी नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळली) सुमारे ८१ टक्के. आता सीआरपी वाढलेल्या सर्व ६० बाळांचे कल्चर झाले, पण न वाढलेल्या १४० मधील दर दहांपैकी एकाचेच, म्हणजे १४ जणांचेच झाले, आणि त्यांत एक आजारी व तेरा सेप्सिस नसलेली निघाली, असे समजा. तुमच्या तक्त्यात आता ३१ आजारी बाळे आहेत आणि त्यांतली ३० चाचणीने ओळखली आहेत, म्हणजे संवेदनशीलता ९७ टक्के. विशिष्टता मात्र ४३ पैकी १३, म्हणजे ३० टक्के. चाचणी तीच, बाळे तीच, प्रयोगशाळाही तीच. आजारी असून चाचणीतून निसटलेल्या दहा बाळांपैकी नऊ तुमच्या कागदावर आलीच नाहीत, एवढाच फरक. या ९७ टक्क्यांवर विसंबून उद्या एखाद्या तालुका रुग्णालयात सीआरपी नॉर्मल आहे म्हणून प्रतिजैविक थांबवले गेले, तर त्याची किंमत बाळाला मोजावी लागेल.

हे टाळण्याचा मार्ग वॉर्डातल्या ट्रेमधून जातो. कल्चरची बाटली आणि सीआरपीची नळी एकाच रबरबँडने बांधून, दोन्हींवर एकाच क्रमांकाची लेबले लावून ठेवावीत, म्हणजे एक उचलली की दुसरी हातात येतेच. दोन्ही नमुने एकाच वेळी टोचून, प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी घ्यावेत. कल्चरसाठी किमान एक मिलिलिटर रक्त लागते, आणि एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच ८० ते १०० मिलिलिटर असते; त्यामुळे अभ्यासासाठी म्हणून वेगळे टोचणे मी कधीही मान्य करणार नाही. सीआरपी आजाराच्या पहिल्या काही तासांत नॉर्मल असू शकते, म्हणून लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लिहावी आणि २४ तासांच्या सुमारास चाचणी पुन्हा करावी. कल्चरमध्ये कोॲग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस हा जंतू वाढला, तर तो त्वचेवरून आलेला आहे की खरा आजार आहे, हे ठरवणाऱ्या डॉक्टरांना सीआरपीचा निकाल माहीत नसावा. तो माहीत असेल तर ते नकळत त्याच बाजूला झुकतात आणि चाचणी स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देते.

ज्यांचे अर्धे काम अशा रीतीने झालेले आहे, त्यांनी घाबरून जाऊ नये. कोणाचे कल्चर करायचे हा निर्णय केवळ सीआरपीच्या निकालावर आणि नोंदवलेल्या इतर बाबींवर झाला असेल, तर बेग आणि ग्रीन्स यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीने आकडे दुरुस्त करता येतात. निर्णय बाळाच्या एकंदर चेहऱ्यामोहऱ्याकडे पाहून झाला असेल आणि तशी नोंद कुठेच नसेल, तर ही पद्धत तुम्हाला वाचवणार नाही. सर्वांचे कल्चर करण्याइतका निधी सुरुवातीपासूनच नसेल, तर सीआरपी न वाढलेल्या बाळांमधून यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखा, ठरावीक हिस्सा निवडावा आणि ही निवड आधीच प्रोटोकॉलमध्ये लिहावी. खर्च पालकांच्या बिलात घालून केलेला अभ्यास मला नैतिक वाटत नाही, मग त्यावर कितीही मोठ्या लोकांच्या सह्या असोत.

मोजमाप सर्वांचे सारखे झाले की साध्या साधनांतूनही केवढे काम उभे राहते, याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. बेळगावच्या ग्रामीण भागात प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा प्रयोग झाला आणि २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १,६२० स्त्रियांचा त्यात समावेश होता आणि गोळ्या देण्याचे काम सहायक परिचारिका-प्रसाविकांनी केले. रक्तस्राव नजरेच्या अंदाजाने न मोजता मोजपट्टी असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत त्याच रीतीने मोजला गेला. अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रियांचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. हे आकडे आजही विश्वासाने सांगता येतात, ते या पिशवीमुळे.

प्रतिबंधाच्या अभ्यासात आणखी एक सावधगिरी हवी. बेळगावसह सात देशांतील केंद्रांवर प्रसूतीच्या वेळी ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस देऊन झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आईचा सेप्सिस किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला, पण बाळांच्या बाबतीत फरक पडला नाही. आईला लाभले म्हणजे बाळालाही लाभेल, हे गृहीत धरू नये. रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचा अभ्यास करणाऱ्यांनी भाजक म्हणून दाखल रुग्णांची संख्या न घेता सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) किंवा व्हेंटिलेटरचे दिवस घ्यावेत आणि प्रमाण दर हजार दिवसांमागे सांगावे; त्यासाठी रोज ठरावीक वेळी वॉर्डात जाऊन मोजणी करावी लागते आणि रविवारीही ती चुकवून चालत नाही.

संमतीबद्दल थोडे सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ वयाच्या मुलांची लेखी सहमती पालकांच्या संमतीबरोबरच घ्यावी लागते. एनआयसीयूत, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागात, हा प्रश्न येत नाही, पण तिथे वेगळीच अडचण असते. आई सिझेरियननंतर दुसऱ्या मजल्यावर असते, वडील गोव्याला किंवा पुण्याला कामावर असतात, आणि दारात उभी असलेली आजी ‘डॉक्टर म्हणतील तसं’ म्हणून अंगठा पुढे करते. तो अंगठा घेऊ नका. आईपर्यंत जा, तिला कन्नड बरे वाटते की मराठी ते विचारून एथिक्स कमिटीने मंजूर केलेला तोच कागद वाचून दाखवा, आणि तिला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार बसवा. जो डॉक्टर बाळावर उपचार करतो आहे त्याने शक्यतो संमती मागू नये, कारण त्याला नाही म्हणणे कोणत्याही आईला जड जाते.

पाठपुराव्यात आपल्या भागाची खास अडचण आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते, केस पेपरवर पत्ता सासरचा असतो. चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याहून आलेली बाळे घरी गेली की राज्याची हद्द ओलांडतात, आणि इकडच्या आशाताईंच्या यादीत ती नसतात. ऊसतोडणीच्या टोळीतले कुटुंब हंगाम संपताच गावी परतते. डिस्चार्जच्या दिवशी माहेर आणि सासर दोन्हीकडचे गाव, दोन्हीकडचा फोन आणि आई परत कधी जाणार, हे विचारून लिहून घ्या. दुरावलेली बाळे बहुधा दूरच्या आणि गरीब घरांतली असतात, त्यांना वगळले की निकाल आपोआप चांगला दिसू लागतो.

गाइड निवडता येत असेल, तर ज्यांच्या नावावर शोधनिबंधांची लांबलचक यादी आहे त्यांच्यापेक्षा जे राउंडच्या वेळी तुमचा नोंदणी-फॉर्म हातात घेऊन रिकामे रकाने दाखवतात त्यांच्याकडे जा. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारे आणि तयार तक्ते विकणारे आता सर्वत्र आहेत. त्यांच्याकडे गेलात तर व्हायवा निघून जाईल, पण आपल्या आकड्यांमागचे बाळ कोणते होते हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही. हस्तक्षेपाचा, म्हणजे औषध किंवा उपचार देऊन पाहण्याचा, प्रयोग असेल तर पहिल्या बाळाच्या नोंदणीपूर्वीच सीटीआरआय या भारतातील वैद्यकीय प्रयोगांच्या नोंदवहीत नोंद करा, कारण १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंद घेतली जात नाही.

निदानाचा अभ्यास आधीच चालू असलेल्यांनी या आठवड्यातच निदानाचे अभ्यास कसे मांडावेत हे सांगणाऱ्या स्टार्ड २०१५ या मार्गदर्शक यादीतील प्रवाहतक्ता कागदावर काढावा: किती बाळे संशयित, किती जणांची सीआरपी झाली, त्यांतल्या वाढलेल्या आणि न वाढलेल्या गटांत प्रत्येकी किती जणांचे कल्चर झाले, किती जणांचे राहिले आणि का राहिले. कल्चर राहिलेल्या बाळांचे प्रमाण दोन गटांत सारखे नसेल, तर तो कागद घेऊन त्याच दिवशी गाइडना भेटा. वॉर्डातली पद्धत पुढच्या बाळापासून बदलता येते, आणि झालेल्या बाळांच्या केस पेपरमधून कल्चर न केल्याची कारणेही स्मृती ताजी असेपर्यंत शोधता येतात.