शेतरस्ता करताना यंत्र कुठे, माणसं कुठे? या चुका टाळा

मंगळवेढा, मोहोळच्या काळ्या रानातला मुरमाचा रस्ता सप्टेंबरच्या पहिल्या मोठ्या पावसात खचला की गावात दोनच बोल ऐकू येतात. 'जेसीबीवाल्यानं वाट लावली', नाहीतर 'रोजगार हमीचं काम असंच असतं'. अख्खा रस्ता यंत्रानं की हातानं, असा वाद घालण्यात अर्थ नाही. खोदाई, वाहतूक, दबाई, गटर ही चार वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाचा निर्णय वेगळा घ्यावा लागतो.

जेसीबीवर रस्ता पूर्ण झाला असं मानणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. जेसीबी खोदतो, भरतो, ढकलतो. दबाई करत नाही. त्याच्या चाकाखाली मुरूम वरून बसलेला दिसतो, आत पोकळच राहतो. त्या पोकळीतून पाणी खालच्या काळ्या मातीत उतरतं, माती फुगते, तिची ताकद जाते. मग कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या खोल चाकोऱ्या पाडतात. पैसे कमी पडत असतील तर जेसीबीचे तास कमी करा, रोलरचे नको.

आठ-दहा टनी साधा रोलर असेल तर दबलेला थर १० सेंटिमीटरपेक्षा जाड ठेवू नका. कंपनाचा रोलर मिळाला तर २० पर्यंत चालतं. एकदम फूटभर मुरूम ओतून वरून रोलर फिरवला, तर खालचा अर्धा भाग मोकळाच राहतो. टँकरही रोलरइतकाच महत्त्वाचा. ओला मुरूम मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी सुटू नये. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात पाणी झपाट्यानं उडतं, म्हणून दुपारी पाणी मारून रोलर उद्यावर ठेवू नका.

अंतर न बघता टिपर लावणं

पन्नासेक मीटरच्या आत घमेलं-पाटी पुरते. दोन-चार किलोमीटरवरच्या खाणीसाठी ट्रॅक्टर-ट्रॉली बरी. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या ठेवल्या तर एक धावेपर्यंत मजूर दुसरी भरतात. केनियात १९७४ साली सुरू झालेला ग्रामीण रस्त्यांचा मोठा कार्यक्रम हातकाम आणि ट्रॅक्टर-ट्रॉली यांच्याच जोडीवर चालला. अरुंद पाणंदीत टिपर वळतही नाही, आणि उभा राहिला तरी भाडं चालूच.

माणसांचं काम यंत्राला देणं

बाजूची गटरं, कडा आणि रस्त्याची पाठ, म्हणजे मध्यापासून कडांकडचा उतार, हातानंच नीट निघते. मीटरला चार सेंटिमीटर उतार म्हणजे तीन मीटर रुंद रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सहा सेंटिमीटर उंच. दोरी, सरळ फळी आणि पाण्याची नळी एवढ्यावर ही पातळी धरता येते. मजुरांचं वेळापत्रक मात्र शेतीवर बेता: ऊसतोडणी आणि ज्वारीची काढणी आटोपल्यावरच हात मोकळे होतात.

मनरेगाच्या २००५च्या कायद्यानं साहित्य आणि कुशल मजुरीचा खर्च ४० टक्क्यांवर जाऊ नये आणि ठेकेदार नको असं सांगितलं. त्यामुळे अशा कामात रोलर, टँकर, मोरीच्या नळ्या अंदाजपत्रकातच बसवून घ्यायला हव्यात. नाहीतर माती पडते, दबाई राहते आणि बदनामी मजुरांची होते. हा त्यांच्यावर मोठा अन्याय आहे.

आधीच बिघडला असेल तर

लांबलचक चाकोऱ्या असतील तर दबाई कमी पडली आहे. फक्त कडा ढासळल्या तर गटर तुंबलंय. एकाच जागी चिखल होत असेल तर तिथं मोरी हवी. कितीही मुरूम टाका, तो गिळला जाईल. आणि चाकोरीत नुसता नवा मुरूम ओतू नका. आधी साचलेलं पाणी काढा, जुना थर टिकावानं पाच-सात सेंटिमीटर खरवडा, ओला करा, मग नवा मुरूम पसरून दाबा. न खरवडलेल्या थरावर तो धरत नाही.