सिंड्रेलाचं फोटोशूट करायचंय? मग निळा झगा ठेवा बाजूला आणि मसूर डाळ आणा

दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, सिंड्रेला थीम करायचीय, निळा बॉलगाऊन भाड्याने कुठे मिळेल. बॉलगाऊन मिळतो हो, कुठेही मिळतो, पण त्यात बसून काढलेला फोटो हा बाकीच्या दोनशे फोटोंसारखाच येतो, आणि गंमत म्हणजे मूळ गोष्टींत तो निळा झगा नाहीच. फ्रान्समध्ये शार्ल पेरो या लेखकाने 1697 मध्ये ही गोष्ट छापली त्यात सोन्याचांदीच्या कापडाचे, जडजवाहीर लावलेले कपडे आहेत, आणि जर्मनीत ग्रिम बंधूंनी 1812 मध्ये छापली त्यातही सोनेरी-रुपेरीच. निळा आला तो सिनेमा आणि खेळण्यांच्या दुकानांतून.

तिच्या नावातच राख आहे, फ्रेंचमध्ये राखेला सांद्र म्हणतात त्यावरून सांद्रियों, जर्मनमध्ये आशं त्यावरून आशंपुटल. म्हणजे ही मुळात राखेत बसणारी मुलगी, आणि माझ्या मते शूट तिथेच करावं. मी जी धरते ती ग्रिमची 1857ची शेवटची आवृत्ती. त्यात परी नाही, भोपळ्याची गाडी नाही, बाराचे टोलेसुद्धा नाहीत (त्यामुळे कृपया ते प्लॅस्टिकचं मोठं घड्याळ आणू नका). आहे काय, तर सावत्र आई राखेत डाळ ओतून देते आणि म्हणते दोन तासांत निवड, मग आईच्या थडग्यावर वाढलेलं झाड आहे ज्यावरून पोशाख खाली पडतो, आणि जिन्यात चिकटून राहिलेला एक सोन्याचा जोडा. तीन सेटअप झाले की नाही आपोआप?

पहिला सेटअप चूल. गावाकडचं घर असेल तर उत्तम, मी मावशीच्या जुन्या स्वयंपाकघरात केलं, सारवलेली जमीन, काळी पडलेली भिंत, एकच खिडकी. नसेल तर फ्लॅटमध्येही होतं, कोपऱ्यात विटा रचा, मागे जुनं गोणपाट लावा आणि फ्रेम घट्ट ठेवा. ओळखीच्या कोणाचा वाडा असेल तर आधी विचारा, दारात जाऊन कॅमेरा काढू नका. चुलीत खरा जाळ नको, सुती घोळ असतो मॉडेलच्या अंगावर. लाकडांच्या मागे एक छोटा पिवळा एलईडी लपवला की निखारे वाटतात. दुपारी चार-साडेचारला खिडकीतून तिरपा उजेड येतो तेव्हा काढा, कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचं सेटिंग) डेलाइटवर लॉक करा नाहीतर ऑटो तो सगळा पिवळेपणा खाऊन टाकतो. मोबाइल असेल तर चेहऱ्यावर टॅप करून एक्सपोजर थोडं खाली ओढा, अंधार अंधारासारखा दिसू दे ना.

आता राख. गोवरीची राख मऊ आणि फिकट असते, चाळून घ्या, दोन-तीन किलो लागते, वाटी-वाटीने आणली तर फ्रेममध्ये चिमूटभर दिसते. पण चेहऱ्याला खरी राख लावू नका! आपल्या आज्या राखेने भांडी घासायच्या ते उगाच नाही, ती क्षारयुक्त असते, ओली झाली की कातडी चुरचुरते आणि डोळ्यात गेली तर शूट तिथेच संपलं. गालावर, कपाळावर करड्या आणि तपकिरी रंगाची मॅट आयशॅडो कोरड्या ब्रशने थापा, नखांच्या कडेला थोडं काजळ. हात मात्र खरोखर राखेत घालायचे तर आधी खोबरेल तेल चोळा आणि नंतर लगेच धुवा.

डाळ म्हटलं तर गोष्टीत मसूर आहे, आणि हे आपलं नशीबच म्हणायचं कारण सोललेली मसूर डाळ करड्या राखेवर अशी काही केशरी पेटते की बाकी रंगाची गरजच राहत नाही. अख्खा मसूर घेऊ नका, तो राखेत हरवतो. एक किलो घ्या, पाव किलोत काहीच दिसत नाही. शेजारी सूप ठेवा. आणि मॉडेलला पोज देऊ नका, तिला खरंच डाळ निवडायला लावा, पाच मिनिटं तुम्ही कॅमेऱ्याशी खुडबुड करताय असं दाखवा, त्या पाच मिनिटांत तिची मान जशी झुकते, केस जसे पुढे येतात, तसं सांगून कधीच होत नाही. माझ्यावाली तर शेवटी चिडून म्हणाली अगं किती वेळ, आणि तोच फोटो सगळ्यात भारी आला.

गोष्टीत कबुतरं येऊन डाळ निवडायला मदत करतात. खरी कबुतरं विसरा. जाड पुठ्ठ्याचे तीन-चार पक्षी कापा, काडीला चिकटवा आणि टॉर्चसमोर धरून भिंतीवर सावली पाडा, टॉर्च पुठ्ठ्याच्या जितका जवळ तितका पक्षी मोठा आणि धूसर.

कपड्याला मांजरपाट घ्या, चारेक मीटर. आधी एकदा धुवा कारण त्याला खळ असते आणि रंग धरत नाही, मग घट्ट उकळलेल्या कोऱ्या चहात रात्रभर भिजवा. एकसारखा रंग आला नाही तर उलट छानच. खालची कड कात्रीने कापू नका, हाताने फाडा आणि पॉलिश पेपरने घासा. टिकली, नेलपेंट, स्मार्टवॉच, अंगठ्या सगळं काढायला लावा, हे सांगूनही कोणीतरी केसांना काळा रबर बँड लावून बसतंच, तेवढं बघा.

दुसरा सेटअप झाडाचा, आणि माझा सगळ्यात आवडता. गोष्टीत हेझलचं झाड आहे, ते आपल्याकडे कुठून आणणार, मी पेरूचं घेतलं, फांद्या खाली असतात आणि खोड गुळगुळीत, फोटोत फार देखणं येतं. कोणीतरी स्टुलावर चढून वरून सोनेरी कापड सोडायचं, खाली ती वर बघत हात पसरून. शटर स्पीड 1/500 सेकंदापेक्षा वेगवान, बर्स्ट मोड म्हणजे सलग फोटो, आणि निदान वीस वेळा सोडावं लागतं, कापड पहिल्या दहा वेळा नुसतं गोळा होऊन डोक्यावर पडतं. टिश्यूचं पाच मीटर कापड पुण्यात लक्ष्मी रोडला किंवा मुंबईत मंगलदास मार्केटला मिळून जाईल. पण मी म्हणते विकत घेऊच नका. या आवृत्तीत पोशाख कुठल्या परीकडून येत नाही, तो मेलेल्या आईच्या झाडावरून येतो, म्हणजे आईकडूनच येतो. मग घरातला आईचा जुना जरीचा शालू का नको? उन्हाच्या उलट बाजूने फोटो काढलात तर त्याची जरतार जी चमकते ना, टिश्यूची टाप नाही. फक्त त्या शालूला आधी आतून पातळ कापड टाचून घ्या, जुनी जरतार फांदीला अडकून फाटते.

तिसरा जिना. राजपुत्र पायऱ्यांना डांबर फासून ठेवतो आणि तिचा डावा जोडा चिकटतो. डांबर नको, काकवी घ्या, थोडं पाणी घालून दगडी पायरीवर ओता, कॅमेऱ्यात अगदी काळी चकचकीत दिसते. पण दहा मिनिटांत उरका. आम्ही चहाला गेलो आणि परत येईपर्यंत सोनेरी मोजडीत मुंग्यांचं संमेलन भरलं होतं. काचेच्या नावाने विकतात ते पारदर्शक ॲक्रिलिकचे हील्स अजिबात घेऊ नका, फोटोत बाटली दिसते. साधी सोनेरी मोजडी, एकच, आणि दुसरा पाय अनवाणी, त्यावर राख. जोडवी असतील तर काढा.

एडिटिंगमध्ये हिरवा थोडा मारा आणि केशरी-सोनेरी राहू द्या, बस, ते धुक्यासारखं ग्लो फिल्टर नको.

क्रम मात्र उलटा ठेवा, आधी झाड, मग जिना, राख शेवटी. मी राख आधी घेतली, आणि मॉडेलची आई पूर्ण वेळ झाडाखाली उभी राहून ओरडत होती, अगं हात धुतलेस का, शालूला लागेल. शालूला राख लागलीच तर पाणी लावू नका, सावलीत टांगून कोरडी झटका आणि मऊ ब्रशने जरीच्या दिशेने खाली काढा. त्या काकूंचा शालू तसाच निघाला स्वच्छ, पण परत देताना त्यांनी तो दोनदा उलगडून पाहिला.