भुतानमधल्या पुनाखाला जाताय? मग दोन मुक्काम तरी कराच

थिंफूहून सकाळी लवकर निघा. दोचुला खिंड सुमारे ३१०० मीटरवर आहे, त्यामुळे स्वेटर हाताशी असू द्या. ढग नसतील तर १०८ स्तूपांमागे हिमशिखरांची रांग दिसते. तिथून रस्ता उतरत जातो आणि पुनाखात, साधारण १२०० मीटरवर, तोच स्वेटर नकोसा होतो. भुतानच्या या उबदार खोऱ्यात भातशेती आहे, केळी आहेत, संत्री आहेत.

फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावरचा द्झोंग, म्हणजे किल्लेवजा मठ, १६३७-३८ मध्ये बांधला गेला. फुल पँट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, टोपी काढा. पाहायला दोन तास सहज लागतात. आत गेल्यावर आधी चौकातल्या बोधिवृक्षाखाली थोडं बसा. लाकडी खिडक्यांवरचं रंगकाम निवांत पाहा. माझा तर तिथून पाय निघत नाही. जॅकरंडाची निळी-जांभळी फुलं हवी असतील तर वसंतात जा.

जेवायला लाल भात आणि एमा दात्शी मागवा. यात मिरची हीच भाजी असते, चीजच्या रश्श्यात शिजवलेली. शाकाहारी मंडळींची छान सोय होते, पण तिखट कमी हवं असेल तर केवा दात्शी, म्हणजे बटाट्याची, सांगा. लाल भात किंचित चिकट असतो, हातानेच खा.

दुसऱ्या दिवशी शेतांतून चालत खामसुम युले चोर्तेनला, म्हणजे टेकडीवरच्या स्तूपाला, चढा. उन्हाआधी निघा, पाणी सोबत ठेवा.