शाळेच्या परसबागेत शरद ऋतूची निरीक्षणं: या चुका टाळा

ऑक्टोबर लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या शाळांमध्ये 'बागेचं निरीक्षण करून नोंदी लिहा' हा प्रकल्प हमखास येतो. मुलं वह्या घेऊन परसबागेत उतरतात आणि निम्म्या वह्यांमध्ये एकच वाक्य सापडतं: 'शरद ऋतूत झाडांची पानं लाल-पिवळी होऊन गळतात.' समोरचं जांभळाचं झाड हिरवंगार उभं असतं, तरीही. हे चित्र परदेशी व्हिडिओंमधून आलेलं असतं. आपल्याकडे शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. सरासरी ८ ऑक्टोबरच्या सुमारास पाऊस मुंबई परिसरातून माघार घेतो, ऊन चटकायला लागतं, वेली शेवटचा बहर देतात, सीताफळं पिकतात. खरी पानगळ त्यानंतर, शिशिराच्या आगेमागे. तेव्हा पहिली सूचना हीच द्या: दिसलं ते लिहा, ठाऊक असलेलं लिहू नका. वहीत 'पानं गळली नाहीत' असं लिहिलं असेल तर त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत.

मग बागेत दिसणारी पिवळी पानं कसली? ती नीट पाहिली तर सांगतात. फक्त खालची, जुनी पानं सरसकट पिवळी पडली असतील तर बहुधा पावसाने मातीतलं नत्र वाहून नेलंय किंवा पानाचं वय झालंय. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असू शकते. कुंडीतलं झाड असेल तर तळाचं भोक बुजलंय का, तेही बघा. पावसाळाभर पाणी साचून मुळं कुजलेली असतात. म्हणून नुसतं 'पान पिवळे' लिहून भागत नाही. कुठलं पान, वरचं की खालचं, शिरा कशा, एवढं तरी हवंच.

'फुलं येतात, पण फळ धरत नाही'

ही तक्रार दरवर्षी येते आणि कारण म्हणून 'कीड लागली' असं लिहून मुलं मोकळी होतात. आधी फूल उलटं करून देठ पाहायला सांगा. लाल भोपळा, दुधी, दोडका, काकडी यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या मागे बोटाएवढं इवलं फळ चिकटलेलं दिसतं. नर फूल नुसत्या बारीक देठावर असतं. सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात आणि गळून पडतात, त्यात बिघडलेलं काही नसतं.

इवलं फळ आलं, दोन-चार दिवसांत पिवळं पडून सुकलं, तर परागीभवन झालं नसण्याची शक्यता जास्त. इथे वेळेचा घोळ येतो. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दहाच्या सुमारास मिटायला लागतं. दुपारच्या सत्राच्या मुलांना ते कायम मिटलेलंच दिसणार, आणि 'भोपळ्याची फुले उमलत नाहीत' अशी नोंद होणार. दोडक्याचं नेमकं उलट, तो संध्याकाळी फुलतो. त्याचंच भावंड घोसाळं मात्र सकाळी. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे घड्याळातली वेळ हवीच. सकाळची आणि दुपारची तुकडी एकाच वेलाची वही वाटून घेऊ शकली तर फारच छान. मुलांना मजा हवी असेल तर सकाळी भोपळ्याचं नर फूल तोडून, पाकळ्या काढून, ते मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच घासायला लावा, आणि त्या फुलाला दोरा बांधा. आठवड्याने उत्तर वेलावरच मिळेल.

फळ बऱ्यापैकी वाढलं, मग एका बाजूने वाकडं झालं आणि तिथे सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसला तर मामला वेगळा. ती फळमाशी. फळ कापा, आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतील. असलं फळ बागेतच टाकू नका, अळ्या मातीत उतरून पुढची पिढी तयार होते.

पांढरं दिसलं की बुरशी?

सीताफळाच्या डोळ्यांच्या खाचांत पांढरा कापूस दिसतो. भिंगातून पाहिलं तर तो सरकतो, कारण ते पिठ्या ढेकूण असतात. शेजारी मुंग्यांची रांग असेल तर जवळजवळ नक्कीच. ढेकणांनी सोडलेल्या गोड चिकट्यासाठी त्या येतात. भोपळ्याच्या पानावर मात्र पांढरी पूड पसरली असेल आणि बोटाने पुसली जात असेल तर ती भुरी, म्हणजे खरोखरच बुरशी. पानात नागमोडी पांढऱ्या रेघा असतील तर पानाच्या आत शिरलेली नागअळी. तिन्ही गोष्टी एकाच शब्दात गुंडाळल्या की उपायही चुकतो. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर ते झटकू नका. फुलपाखराची अळी असू शकते.

मोजमापात एक चूक सगळ्यात जास्त दिसते: सोमवारी एक दोडका मोजला, गुरुवारी दुसराच, आणि आलेख काढला तर दोडका आखूड झालेला! फळ ठरवा, देठाला सैलसा लाल दोरा बांधा. घेर सुतळीने घ्या, मग सुतळी पट्टीवर धरा. फळ ओढून मोजलं की देठ दुखावतो. आणि खिचडी करणाऱ्या मावशींना लाल दोऱ्याचा अर्थ आधी सांगून ठेवा. त्या परसबागेतली ताजी भाजी नेणारच, तेच तर बागेचं काम आहे. ठाण्यातल्या येऊरच्या जंगलाजवळ शाळा असेल तर माकडांना सांगून उपयोग नाही, तिथे सीताफळ-पेरूवर जाळीची पिशवी बांधा.

फोनवर फोटो काढून झाडाचं नाव विचारणं ठीक, पण एका पानाच्या फोटोवर विसंबू नका. सध्या रस्तोरस्ती घमघमणारी सातवीण घ्या. नावावर जाऊन मुलं सात पानं मोजतात आणि पाच निघाली की झाड बाद करतात. फांदीवर एकाच जागी गोलाकार येणाऱ्या पानांच्या चक्रात पानांची संख्या कमी-जास्त असते. फांदीवरची रचना, फूल, वास आणि नंतर लोंबणाऱ्या लांब बारीक शेंगांच्या जोड्या, असं सगळं मिळून झाड ओळखायचं.

दिवाळीच्या सुट्टीत नोंदी तुटतात. घरी बसून मधले आकडे अंदाजाने भरू नका. जागा कोरी सोडा आणि 'सुट्टी' लिहा. शाळेतल्या काकांना दोन-तीन दिवसांआड पाणी घालताना त्याच फळाचा, शेजारी पट्टी धरून, एक फोटो काढायची विनंती करा. बुंध्याशी वाळक्या पानांचा थर घालून ठेवला तर ऑक्टोबरच्या उन्हातही माती लवकर सुकणार नाही.