चालू हार्ड डिस्क बंद करण्यापूर्वी: फर्मवेअरच्या दोषाशी कसे वागावे

हार्ड डिस्क गेली म्हटले की बहुतेकांना टकटक वाजणारे हेड किंवा ओरखडे पडलेली तबकडी आठवते. फर्मवेअर म्हणजे डिस्क चालवणारी, तिच्यातच साठवलेली आज्ञावली; तिच्या दोषाने अडलेल्या डिस्कमध्ये यांपैकी काहीच आढळत नाही. तिची मोटर नेहमीसारखी फिरते, आवाजही स्वच्छ असतो. पण संगणक सुरू होताना जोडलेली उपकरणे ओळखणाऱ्या बायोसच्या यादीत ती दिसत नाही, किंवा दिसली तरी तिची क्षमता शून्य दाखवली जाते. अशा डिस्कवरील माहिती बहुधा जागच्या जागी शाबूत असते आणि तिच्यापर्यंत पोचवणारी आज्ञावली तेवढी अडलेली असते. त्यामुळे पुढची बरीचशी हानी मूळ दोषापेक्षा आपल्या घाईमुळे होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे डिस्क बनवणाऱ्या सीगेट कंपनीच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेतील डिस्क. त्यांतील एसडी१५ आणि इतर काही फर्मवेअर आवृत्त्यांमधील दोष २००८ च्या अखेरीस चर्चेत आला आणि जानेवारी २००९ मध्ये कंपनीने तो मान्य केला. डिस्क स्वतःच्या घडामोडींची एक अंतर्गत नोंदवही ठेवते आणि ती भरली की पुन्हा पहिल्या पानापासून लिहू लागते. या आवृत्त्यांमध्ये नोंदवहीची शेवटची मर्यादा एका अंकाने चुकली होती. नोंदींचा आकडा ३२० वर, किंवा त्यापुढे २५६ च्या टप्प्यांवर असताना डिस्कला नव्याने वीज मिळाली, आणि कारखान्यातील चाचणी यंत्राने राखीव भागात विशिष्ट खुणा मागे ठेवलेल्या असल्या, तर फर्मवेअर नोंदवहीच्या बाहेर पाऊल टाकत असे, चूक ओळखत असे आणि सुरक्षिततेसाठी तिथेच थांबत असे. म्हणजे संध्याकाळी उत्तम चालणारी डिस्क सकाळी संगणक सुरू करताच गप्प होई.

आपल्या मॉडेलच्या फर्मवेअरमध्ये असा दोष असल्याचे कळले आणि डिस्क अजून चालत असेल, तर संगणक बंद करू नये आणि पुन्हा सुरूही करू नये. आधी सगळी माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि त्या प्रतीतील काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. त्यानंतरच क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएल यांसारख्या साधनाने मॉडेल, अनुक्रमांक आणि फर्मवेअरची आवृत्ती उतरवून घेऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावर ताडून पाहावी. केवळ मॉडेल जुळल्याने भागत नाही, कारण एकाच मॉडेलच्या डिस्क वेगवेगळ्या आवृत्त्यांसह बाजारात येतात.

दुरुस्त फर्मवेअर चढवतानाही सावधगिरी हवी. सीगेटने ७२००.११ साठी प्रथम दिलेल्या दुरुस्तीमुळे ५०० जीबीच्या काही चालत्या डिस्कच बंद पडल्या. कंपनीला ती मागे घेऊन सुधारित आवृत्ती द्यावी लागली. म्हणून बॅकअप हाताशी असेल, तर नवी दुरुस्ती निघाल्यावर काही दिवस थांबण्यात शहाणपण आहे, असे माझे मत आहे. फाइल फक्त उत्पादकाकडूनच घ्यावी. डिस्क यूएसबी केसमधून न जोडता थेट साटा पोर्टला (मदरबोर्डवरील डिस्क जोडण्याच्या जागेला) जोडावी, इतर डिस्कच्या केबल काढून ठेवाव्यात आणि मध्येच वीज जाणार नाही याची सोय करावी. लॅपटॉप असल्यास चार्जर लावलेला असावा, डेस्कटॉपला यूपीएस असावा. काम संपल्यावर संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा आणि नवी आवृत्ती खरोखर दिसते का ते पाहावे.

डिस्क आधीच अडली असेल तर तिला पुन्हा पुन्हा वीज देऊन पाहणे थांबवावे. ती अधूनमधून दिसत असली तरी विंडोजने सुचवलेले इनिशियलाइझ किंवा फॉरमॅट स्वीकारू नये आणि चेकडिस्क हे विंडोजचे डिस्कच्या चुका दुरुस्त करणारे साधनही चालवू नये. तशाच दुसऱ्या डिस्कचे सर्किट बोर्ड बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण इथे तो कुचकामी ठरतो: फर्मवेअरचा मोठा भाग तबकडीवरच्या राखीव जागेत असतो, आणि बोर्डावरील चिपमध्ये त्याच डिस्कपुरती जुळवलेली मूल्ये असतात.

७२००.११ च्या काळात जाणकारांनी ३.३ व्होल्टचे सिरियल अडॅप्टर डिस्कच्या मागील पिनांना जोडून, ३८४०० बॉड वेगाने थेट फर्मवेअरशी संवाद साधून, अनेक डिस्क जाग्या केल्या. ही युक्ती खरी आहे. मात्र त्यातील एक आज्ञा, माहिती तबकडीवर नेमकी कुठे आहे हे सांगणारा अंतर्गत तक्ता नव्याने बनवते. तिचे आकडे चुकीचे दिले, तर तोवर शाबूत असलेली माहितीही हाती लागेनाशी होते. दुसरीकडे कुठेच नसलेले फोटो किंवा हिशेब त्या डिस्कवर असतील, तर हा प्रयोग घरी करू नये. आधी उत्पादकाकडे विचारणा करावी. सीगेटने २००९ मध्ये या दोषाचा फटका बसलेल्या ग्राहकांसाठी माहिती विनामूल्य परत मिळवून देण्याची तयारी दाखवली होती. वॉरंटीत बदलून घेण्याची घाईही करू नये, कारण बदली मिळते ती कोरी डिस्क आणि जुनी डिस्क माहितीसह हातची जाते.

सर्व्हर किंवा रेड संच (एखादी डिस्क बिघडली तरी माहिती टिकावी म्हणून एकत्र जोडलेल्या अनेक डिस्क) सांभाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने आपल्या काही एसएएस एसएसडींविषयी (सर्व्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या, फिरते भाग नसलेल्या डिस्कविषयी) सूचना काढली की, ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास चालल्यावर त्या बंद पडतील आणि त्यांवरील माहितीही परत मिळणार नाही. (३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात, जाणत्याला तेवढ्यावरूनच संशय यावा.) मार्च २०२० मध्ये ४०,००० तासांबाबत अशीच दुसरी सूचना आली. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्कचे तास बरोबरीने भरतात, त्यामुळे रेडची सुरक्षा इथे उपयोगी पडत नाही. अशा संचात प्रत्येक डिस्कचे चालू राहिल्याचे तास तपासावेत, फर्मवेअर मुदतीच्या बरेच आधी बदलावे, उत्पादकाची सूचना वेगळी नसल्यास एका वेळी एकाच डिस्कवर काम करावे, आणि पुढच्या खरेदीत सगळ्या डिस्क एकाच खेपेतून घेऊ नयेत.